बोट उचलेपर्यंत

माझी बायको वृषाली 'नको' म्हणून गेली, असं मी इतके दिवस समजत होतो. व्हेंटिलेटर नको, घशाला छिद्र पाडणं नको, आता बास. हे तिने स्वतःच्या हाताने सांगितलं, हॉस्पिटलच्या पानावर, माझ्यासमोर. मी ते मानलं. आमच्या मुलीला, इराला, फोनवर तेच सांगितलं. भेटायला आलेल्या प्रत्येकाला तेच सांगितलं. सांगताना थोडा आधारही वाटायचा. तिची इच्छा होती आणि ती आपण पाळली, एवढं तरी हातात होतं.

मी सांगलीत राहतो. पराग लोंढे आणि मी डिप्लोमाला एका बाकावर होतो. पुढे दोघांनी मिळून विश्रामबागेत छोटी कंपनी काढली. आमचं काम एकच, मोबाइल ॲपच्या पोटातला ब्राउझर.

तुम्ही एखाद्या ॲपमध्ये बातमीवर बोट ठेवता आणि बातमीचं पान तिथेच उघडतं. ॲप सोडून बाहेर जावं लागत नाही. कारण त्या ॲपच्या आत एक लहान ब्राउझर बसवलेला असतो. पान दुसऱ्याचं, ॲप आपलं. आता काचेवर बोट टेकलं, तर ते कोणासाठी टेकलं? पानासाठी की ॲपसाठी? बोट आधी कोणाला कळवायचं, किती वेळ थांबायचं, माणसाने बटण दाबलं असं कधी धरायचं, हे ठरवणारा मधला भाग आम्ही लिहायचो. बोट टेकलं हा एक इव्हेंट, सरकलं हा दुसरा, उचललं हा तिसरा. पानाला माणूस दिसत नाही. त्याला आपण पाठवू तेवढे इव्हेंट दिसतात.

यातला एक नियम फार जुना आहे. बटण दाबलं गेलं असं धरायचं ते बोट टेकल्यावर नाही, बोट उचलल्यावर. टेकल्यावर माणसाच्या लक्षात येतं की भलतीकडे बोट पडलं. तो ते न उचलता बाजूला सरकवतो आणि मग उचलतो. काही होत नाही. तुम्ही आयुष्यात हे अनेकदा केलं असेल, कळलंही नसेल. बोट उचलेपर्यंत माणसाला मन बदलता आलं पाहिजे, एवढाच तो नियम. आमच्या ब्राउझरमध्ये तो मी लिहिला होता.

वृषाली आजारी पडली आणि हे काम घरात आलं.

ती कन्याशाळेत पी.टी.ची शिक्षिका होती. खो-खोमध्ये राज्यापर्यंत खेळलेली. डॉक्टरांनी आजाराचं लांबलचक नाव सांगितलं. नसांचा आजार. आधी पापण्या जड झाल्या, मग मान, मग आवाज, मग हातपाय. शेवटी उजव्या हाताचा अंगठा तेवढा थोडा हलायचा. तोही दिसेल न दिसेल इतका.

तेव्हा मनगटी पट्टे नुकतेच आले होते. मेंदूकडून बोटाकडे जाणारा निरोप मनगटापाशी पकडायचा, बोट प्रत्यक्ष हललं नाही तरी चालेल, अशी ती युक्ती. आज प्रत्येकाच्या घड्याळात ती असते. आम्ही पट्टा आमच्या ब्राउझरला जोडला. निरोप सुरू झाला की बोट टेकलं असं धरायचं. निरोपाची दिशा म्हणजे सरकणं. निरोप शांत झाला की बोट उचललं. पडद्यावर एक ठिपका फिरायचा, तो थांबेल तिथलं बटण लागायचं. तिला बोलायला आम्ही शब्दांची पाटी केली, ती आवाजात बोलून दाखवायची. आणि बाहेरची पानंही तिला उघडता येऊ लागली. पेपर, भाजीचं दुकान, हॉस्पिटल. पानाला वाटायचं कोणीतरी धडधाकट माणूस बोट लावतोय.

एक अडचण होती. तिला कुठेही जायचं असो, अंगठा आधी आत वळायचा. ठिपका आधी डावीकडे जायचा, रेंगाळायचा, मग ती तो ओढून उजवीकडे न्यायची. त्या आजारात स्नायू असेच वागतात. आमच्या पाटीवर मी डावी बाजू मोकळीच ठेवली. बाहेरच्या पानांवर आमचा हात चालत नव्हता. पण नियम होता ना, उचलेपर्यंत काही लागत नाही. ठिपका डावीकडच्या बटणावरून फिरून आला तरी चालायचं.

वृषालीने पाटीवरून सांगितलं होतं, "हुलकावणी देतोय बघ. सवय जात नाही."

"पण पकडायला कोण आहे इथे?" मी म्हटलं.

"तू. कधी जमलंय का?"

पराग तिला ताई म्हणायचा. त्याला सख्खी बहीण नाही. आमच्या लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीपासून तो भाऊबीजेला आमच्याकडे येई. तिचा हात उचलेनासा झाला तेव्हा निरांजनाचं ताट मी धरलं आणि तिची बोटं ताटाला लावून ओवाळलं. त्या वर्षी त्याने तिला लुगडं नाही, मऊ शाल आणली. जेवण झाल्यावर तो तिच्याजवळ बसला आणि टॅबलेट मांडीवर घेतला.

"ताई, पाटी जरा जलद करून देऊ का?"

"कर," पाटी बोलली. "पण दुरुस्तीचे पैसे नवऱ्याकडून घे."

तो हसला. मी भांडी आवरत होतो.

त्यानंतर ती बाहेरची पानं कमी उघडायला लागली. "पेपर पळतो," म्हणायची. वाचून व्हायच्या आत पान उलटतं. एकदा भाजीच्या दुकानातून पिशवीभर दोडकी आली. "मी नाही मागवली," पाटी म्हणाली. "मला दोडका आवडला असता तर माहेरीच नसते का राहिले?" मला वाटलं, अंगठाही चालला. मी दुकानाचं पान तिच्यासमोर उघडायचं बंद केलं. पाटीवर ती नीट बोलत होती, त्यामुळे दुसरा विचार मनात आला नाही.

जानेवारीत तिला श्वास पुरेनासा झाला. मिरजेच्या हॉस्पिटलमध्ये डॉक्टर निमकर बाई होत्या. सरळ बोलणाऱ्या. त्यांनी मला बाजूला नेऊन सांगितलं, "आता मशीन लावायचं तर घशाला छिद्र पाडून लावावं लागेल. मग ते निघणार नाही. पण काही महिने, कदाचित वर्षं मिळतील. नाही लावलं तर आज-उद्या. हे मी ठरवणार नाही, तुम्हीही नाही. त्यांनाच विचारायचं, त्यांच्याच हाताने."

तसा नियम झालेला आहे. रुग्णाला शुद्ध असेल तर संमती त्याच्या हाताने, हॉस्पिटलच्या पानावर. नातेवाइकाचं चालत नाही.

इरा पुण्यात होती. सातवा महिना, तिच्या डॉक्टरांनी प्रवासाला बंदी केलेली. आईने तिला दिवाळीत सांगितलं होतं, "बाळ बघून जाईन." पण मला एकदा असंही म्हणाली होती, "कंटाळा आला रे." दोन्ही खरं असणार. म्हणून मला खरंच माहीत नव्हतं ती काय म्हणेल.

तोंडावर मास्क, छाती वरखाली होतेय. निमकर बाईंनी टॅबलेट समोर धरला. आमच्याच ब्राउझरमध्ये त्यांचं पान उघडलेलं. सगळं मोठ्याने वाचून दाखवलं. खाली दोन बटणं. डावीकडे 'नको', उजवीकडे 'हो'. पराग दाराशी उभा होता.

ठिपका डावीकडे निघाला. 'नको' काळं झालं. नोंद झाली.

"घाई नको," बाई म्हणाल्या. "मी परत विचारते." त्यांनी पान पुसून पुन्हा उघडलं, पुन्हा वाचलं. ठिपका पुन्हा डावीकडे. पुन्हा काळं.

तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, पण त्या आजारात ते सतत येई. मी ते पुसलं. म्हटलं, "ठीक आहे. तू म्हणशील तसं." मग पाटी परत उघडायच्या आतच नर्सने त्या हाताला सुई लावायची म्हणून पट्टा काढला. त्रास कमी व्हावा म्हणून औषध दिलं. ती झोपली आणि संध्याकाळी गेली. खांदा द्यायला पुढे पराग होता.

त्यानंतर मी कामावर जवळजवळ गेलोच नाही. परागने कधी टोकलं नाही. डबा पाठवायचा. मार्चमध्ये इराला मुलगी झाली, बारशाला तो माझ्याआधी पुण्यात पोचला होता.

सप्टेंबरमध्ये त्याने मला ऑफिसात बोलावलं. माझ्या हातात नवं घड्याळ घातलं आणि फोन पुढे ठेवला.

"धन्या, ही बातमी उघड."

मी बोट नेलं. काचेला लागायच्या आत बातमी उघडली.

"परत कर."

परत तसंच. मी बोट नुसतं हलवायचं मनात आणलं आणि पान हललं. आमच्या आयुष्यात आम्ही एवढं चांगलं काही केलं नव्हतं.

"कसं केलंस?"

"वाट बघणं काढून टाकलं," पराग म्हणाला. "निरोप मनगटापाशी सुरू झाला, दिशा कळली, की इव्हेंट पाठवून द्यायचा. बोट पोचेपर्यंत थांबायचं कशाला? मशीन शिकलंय. सुरुवात बघून शेवट ओळखतं."

देशातल्या मोठमोठ्या ॲपना आतला ब्राउझर पुरवणारी एक कंपनी ते घेणार होती. त्यासाठी त्याला माझी किल्ली हवी होती. आमच्याकडे पहिल्यापासून पद्धत होती, चाचणीची आवृत्ती कोणीही एकट्याने सोडावी, पण लोकांसाठीची आवृत्ती सोडायला दोघांचे पासवर्ड लागतात. त्यालाच आम्ही किल्ली म्हणायचो.

"आणि अजून एक," तो म्हणाला. आवाज खाली आणून म्हणाला. "ह्या आवृत्तीचं नाव मी वृषाली ठेवलंय. मुंबईत कार्यक्रम आहे. तू पाच मिनिटं बोल. ताईबद्दल. तिच्या अंगठ्यापासून हे सुरू झालं म्हणून सांग."

मला भरून आलं. मी होकार दिला. म्हटलं, सोमवारी येऊन किल्ली लावतो.

शनिवारी मयूरी आवटीचा फोन आला. तिचे वडील मिरज स्टँडवर वाहतूक नियंत्रक होते. गाड्या पुकारायचे. अर्ध्या मिरजेला त्यांचा आवाज माहीत. त्यांना वृषालीचाच आजार झाला होता आणि आमची पाटी वापरणाऱ्या इतर रुग्णांसारखीच उन्हाळ्यात परागने त्यांनाही ती नेऊन दिली होती.

"काका, बाबा सगळ्याला नको म्हणायला लागलेत."

"म्हणजे?"

"हॉस्पिटलचं पान उघडलं की. झोप लागली का, नको. दुखतंय का, नको. आता पोटात जेवणाची नळी घालायची का विचारलं, तर नको. सोमवारी डॉक्टर तेच धरून पुढचं ठरवणार. आणि इकडे मानेने हो हो करतायत."

"मान हलते अजून?"

"थोडी. पण तेवढं चालत नाही म्हणतात, पानावरच द्यायला हवं. पाटीवर मात्र नीट बोलतात हो. काल मला म्हणाले, हे पान खोटं बोलतं."

मी बस पकडून मिरजेला गेलो. आवटी खिडकीशी खुर्चीत होते. मला बघून पाटी बोलली, "प्रवाशांनी लक्ष द्यावे. सांगलीची गाडी आली."

"उशिरा आली का?"

"नेहमीप्रमाणे."

मयूरीने हॉस्पिटलचं पान उघडलं. चाचणीसाठी सोपा प्रश्न घेतला, 'घरी आराम पडतो का?' डावीकडे नको, उजवीकडे हो.

ठिपका डावीकडे निघाला. अर्ध्या वाटेत असतानाच 'नको' काळं झालं आणि ठिपका नाहीसा झाला. आवटींनी मान हलवली, हो म्हणून.

"बघितलंत?" मयूरी म्हणाली.

"परत," मी म्हटलं.

या वेळी मी पडद्याकडे बघितलंच नाही. त्यांच्या अंगठ्याकडे बघितलं. अंगठा आत वळला. थांबला. मग हळूहळू, फार कष्टाने, बाहेर फिरला. सगळा रस्ता कापून तो बाहेर आला. तोपर्यंत पान बंद होऊन गेलं होतं.

पाटी म्हणाली, "गाडी उजव्या फलाटाची. कोणीतरी डाव्याला लावतंय."

मी त्यांच्या टॅबलेटच्या आत जाऊन बघितलं. आमच्या पाटीत, आमच्या ब्राउझरमध्ये, माझा नियम नव्हता. उचलण्याची वाट बघणारा भाग काढलेला होता. मी माझी जुनी आवृत्ती घातली. मयूरीने टॅबलेट त्यांच्यासमोर धरला.

"आवटीसाहेब, आता नळीचं विचारतो. सावकाश."

ठिपका डावीकडे गेला. 'नको'वर रेंगाळला. मयूरीने माझा दंड घट्ट धरला. मी म्हटलं, "थांब, काही लागलेलं नाही." ठिपका वळला. मधे आला, अडखळला, उजवीकडे गेला आणि 'हो'वर निवांत झाला. बटण काळं झालं.

मयूरी तिथेच जमिनीवर बसली. वडिलांच्या गुडघ्यावर डोकं ठेवून रडायला लागली.

"रडतेस काय," पाटी म्हणाली. "गाडी सुटली ना?"

तिने मला चहा केला. मी तो हातात धरून बसलो होतो. मला पेपर पळतो म्हणणारी वृषाली आठवत होती. दोडकी आठवत होती. भाऊबीज आठवत होती. पाटीवर डावीकडे लागायला बटणच नव्हतं, म्हणून तिथे कधी चूक झाली नाही. बाहेरच्या पानावर डावीकडे जे असेल ते लागत होतं. हॉस्पिटलच्या पानावर डावीकडे काय होतं ते मला माहीत होतं.

तिथून उठून मी थेट ऑफिसात गेलो. दुपारची वेळ होती. पराग एकटाच होता, मुंबईच्या कार्यक्रमाची तयारी करत. पडद्यावर वृषालीचा फोटो लावलेला, खो-खोच्या मैदानावरचा.

"ये, ये. किल्ली आणलीस?"

"पऱ्या, भाऊबीजेला तू तिच्या टॅबलेटवर काय घातलंस?"

त्याने खुर्ची पुढे सरकवली. "बस आधी."

"बसत नाही. काय घातलंस?"

"चाचणीची आवृत्ती. तिला विचारून घातली. ती कर म्हणाली, तूही ऐकलंस."

"काय विचारलंस तिला? पाटी जलद करू का, एवढंच ना?"

"अरे, त्याहून काय सांगणार होतो तिला? ऐक. धडधाकट माणसाचं मनात येणं आणि बोट पोचणं ह्यात इतकं कमी अंतर असतं की मशीनला मधे काही दिसतच नाही. ताईचं अंतर मोठं होतं. तिचा प्रत्येक निरोप सावकाश, लांब, स्वच्छ. मशीनला शिकायला ह्याहून चांगलं काही मिळणार नव्हतं. आवटींचंही तसंच."

"आणि शिकलं काय? पहिला अर्धा भाग. तिचा अंगठा आधी उलटा जायचा हे तुला माहीत होतं."

"बाकीच्या लोकांचा नाही जात."

"बाकीचे लोक बोट मागे घेतात की नाही?"

"घेतात. तेच तर." तो आता नेहमीसारखा बोलायला लागला, गिऱ्हाइकाला समजावतो तसा. "दुकानाच्या पानावर कितीतरी बोटं बटणापाशी येऊन मागे फिरतात. दुकानांना ती फिरायच्या आत हवी असतात. त्यासाठीच घेतायत ते आपला ब्राउझर. वेग वगैरे कार्यक्रमात सांगायला."

म्हणजे माझा नियम चुकून गेला नव्हता. तोच काढायचा होता. माणूस थबकतो तेवढी जागा विकायची होती, आणि ती कशी पकडायची हे त्याने माझ्या बायकोच्या मनगटावर शिकून घेतलं होतं.

मी पडद्यावरच्या फोटोकडे बोट केलं. "ती खेळ शिकवायची तेव्हा मुलींना पहिल्याच दिवशी सांगायची. पाठलाग करणाऱ्याला एकदा दिशा घेतली की मागे फिरता येत नाही. पळणाऱ्याला येतं. म्हणून पळणारी वाचते. तू तिचं फिरणंच काढून घेतलंस."

"धन्या..."

"हॉस्पिटलात तू दाराशी होतास. बटण अर्ध्या वाटेत काळं झालं ते बघितलंस?"

तो टेबलावरचे कागद सारखे करायला लागला.

"बघितलंस की नाही?"

"बघितलं."

"कळलं तुला?"

"संशय आला."

"मग?"

"डॉक्टरांनी दोनदा विचारलं रे. दोन्ही वेळा तेच आलं."

"दहादा विचारलं असतं तरी तेच आलं असतं! तुला माहीत होतं ते!"

"मी बोललो असतो तर त्याच दिवशी सगळं बंद पडलं असतं. कंपनी, पाटी, सगळ्या रुग्णांचं. आणि ती... धन्या, ती तशी किती दिवस राहणार होती? तिने नकोच म्हटलं असतं. तुलाही ठाऊक आहे."

"मला ठाऊक नाही. म्हणून तर विचारलं होतं तिला."

तो उठून माझ्याजवळ आला. खांद्यावर हात ठेवायला गेला, मी मागे सरकलो.

"तिची राहिलेली हालचाल कुठे आहे?" मी विचारलं. "नको लागल्यावर अंगठा पुढे कुठे गेला ते?"

"नाही ती."

"पट्ट्याने पकडली असेल ना."

"नाही रे. इव्हेंट गेला की ऐकणं बंद होतं." मग खाली बघत म्हणाला, "बॅटरी वाचते."

मी खुर्चीची पाठ धरून उभा राहिलो. मग तोच हळू आवाजात म्हणाला, "एक करता येईल. मशीन तिच्यावरच शिकलंय. तोच प्रश्न त्याला विचारू. ती काय म्हणाली असती ते सांगेल. आकड्यात सांगेल. तुझ्या मनाला..."

"त्याने तिची सुरुवात तेवढी ऐकलीय, पऱ्या. ती वळल्यावर ते कधी तिथे थांबलंच नाही. ते काय सांगणार मला?"

मी माझ्या जागेवर बसलो. इतक्या महिन्यांनी बसलो. पाटी दिलेल्या सगळ्या रुग्णांच्या टॅबलेटवर जुनी आवृत्ती पाठवून दिली. चाचणीची म्हणून पाठवली. त्याला एकच किल्ली पुरते, हे त्यानेच मला दाखवून दिलं होतं. तो मागे उभा राहून बघत होता. अडवलं नाही.

"ह्या आवृत्तीला माझी किल्ली मिळणार नाही," मी म्हटलं. "आणि तो फोटो काढ."

"तुझ्यावाचूनही होईल हे. आपण नाही केलं तर दुसरे करतील. घड्याळं सगळ्यांच्या हातात आहेत."

"करू देत. तिचं नाव घालून नाही."

जाताना मी घड्याळ टेबलावर काढून ठेवलं.

निमकर बाईंना मी दुसऱ्या दिवशी भेटलो. सगळं ऐकून घेतल्यावर त्या म्हणाल्या, "मी दोनदा विचारलं होतं हो." मी म्हटलं, "तुम्ही बरोबर केलंत." त्यांनी आमच्या ब्राउझरमधून आलेल्या सगळ्या संमत्या थांबवल्या आणि चौकशीसाठी वर कळवलं. माझा जबाब मी दिला. परागचंही नाव दिलं. नाव सांगताना अडखळलो नाही. जन्माचा मित्र होता.

आता इरा राहिली होती. तिला न सांगणं सोपं होतं. आईची इच्छा होती, हे ऐकून ती कशीबशी उभी राहिली होती. ते काढून घेऊन तिला मी काय देणार होतो? आई कदाचित थांबली असती, एवढंच. आणि तेही नक्की नाही. पण मी गप्प राहिलो असतो तर पराग दाराशी उभा राहिला तसाच मीही उभा राहिलो असतो. म्हणून फोन केला.

माझं संपल्यावर ती म्हणाली, "बाबा, मी दहाव्यालाही आले नाही."

"तुला प्रवासाला बंदी होती."

"तेव्हा परवानगी मिळाली असती. मी विचारलंच नाही. मला राग आला होता आईचा. मला म्हणाली बाळ बघून जाईन, आणि विचारल्यावर सरळ नको म्हणून गेली. मी आजपर्यंत बाळाला तिचा फोटो दाखवला नाही."

मग तिनेच विचारलं.

"ती हो म्हणाली असती?"

"मला माहीत नाही, बेटा. कधीच कळणार नाही. पण ती 'नको' म्हणाली असं आपण आता म्हणायचं नाही."

"परागमामाला कधी कळलं?"

"त्याच दिवशी. तिथेच होता तो."

"तिथेच?"

"दाराशी."

"बारशाला आला होता बाबा तो. सागवानी पाळणा घेऊन. म्हणाला, आजी नाही तर मामाकडून. स्वतः बसून त्याने कड्या लावल्या. मी त्याच्या पाया पडले. आत्ता बाळ त्यात झोपलंय."

मग फोन कुठेतरी ठेवल्याचा आवाज झाला. ती लांबून नवऱ्याला सांगत होती, "बाळाला घे आधी. नीट घे, डोकं सांभाळ. आणि हे बाहेर काढ." बाळ झोपेतून उठून रडायला लागलं. कड्या वाजल्या, फरशीवरून काहीतरी जड ओढत नेल्याचा आवाज आला, दाराची कडी निघाली.

मी फोन कानाला धरून बसलो होतो. बाळ रडत होतं आणि इरा त्याला सांगत होती, "थांब हं, थांब. आजी दाखवते."